घोंगडीचे सूत

श्रोतेहो, सोलापूर म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे आधी चादर उभी राहते. लग्नाच्या आहेरात चादर, पुण्या-मुंबईला शिकायला निघालेल्या मुलाच्या वळकटीत चादर, पाहुणा मुक्कामाला राहिला की त्याच्या अंथरुणावर चादर. चादरीपाठोपाठ आठवतात त्या इथल्या कापडगिरण्या आणि त्यांचे भोंगे. ते भोंगे आता थांबले, पण शहराचे नाव कापडाशी बांधले गेले ते गेलेच. यात खोटे काही नाही. पण या जिल्ह्यात चादरीच्या कितीतरी आधीपासून एक पांघरूण चालत आलेले आहे. इथल्याच माळावर चरणाऱ्या मेंढीची लोकर, इथल्याच बायाबापड्यांनी कातलेले सूत आणि इथल्याच मागावरची वीण. ते पांघरूण म्हणजे घोंगडी.

आज मी आपणांला घोंगडीबद्दल सांगणार आहे. पण विणण्याविषयी कमी आणि कातण्याविषयी जास्त. कारण असे की, माग माणसाला दिसतो. त्याचा खटखटाट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. सूत काढणारी बाई मात्र ओसरीच्या कोपऱ्यात, नाहीतर वाड्यावर मेंढरांच्या शेजारी बसलेली असते. तिच्या कामाचा आवाज होत नाही. इतिहासातही तिचे तसेच झाले आहे. विणकराच्या जातीची, गल्लीची, पेठेची नोंद झाली. कातणारीची फारशी कोणी केली नाही.

आणि या कातणारीच्या बाबतीत एक कोडेही आहे. सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली १८७७ साली. यंत्राच्या सुतापुढे कापसाचे हातसूत या भागात टिकाव धरू शकले नाही. पण लोकरीचे हातसूत त्यानंतरही शंभर वर्षे या जिल्ह्यात निघत राहिले. एकच चरखा, तसेच हात, तेच खेडे. मग एक सूत बुडाले आणि दुसरे तरले, ते कशाने? आणि जे गिरणीच्या तडाख्यातून वाचले ते पुढे कशाने मोडले? आज आपण याचाच मागोवा घेऊ.

आधी मुलूख पाहू. जिल्ह्याच्या पश्चिमेला सांगोला, त्याला लागून मंगळवेढा, पलीकडे साताऱ्याकडचे म्हसवड-दहिवडी आणि सांगलीकडचे आटपाडी-जत. यातला माण नदीच्या आसपासचा भाग तो माणदेश. पाऊस जेमतेम, तोही लहरी. काळ्या रानापेक्षा मुरमाड माळ जास्त. अशा ठिकाणी नुसत्या शेतीवर पोट भरत नाही, म्हणून माणसाने मेंढी धरली. मेंढी खुरटे गवत खाते, बाभळीच्या शेंगा खाते, काढलेल्या पिकाचा धसकटांतला पाला खाते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला तो कोवळा मास्तर ज्या धनगरांच्या वाडीवर जातो, ती याच मुलखातली. शिक्षक मंडळींपैकी कित्येकांनी ती वाचली असेल.

या मेंढीला दख्खनी मेंढी म्हणतात. जाणकार तिचे प्रदेशावरून पोटप्रकार करतात. लोणंदी, संगमनेरी, कोल्हापुरी आणि आपली सोलापुरी, म्हणजे सांगोल्याकडची. ही मेंढी काटक. दिवसाला पाच-सात कोस चालेल, उन्हात तग धरेल. पण लोकर देण्यात मात्र हात आखडता. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही. आणि जी मिळते ती जाडीभरडी, केसाळ, बहुधा काळी, कधी करडी, कधी पांढरी. स्वेटरासाठी जगभर वाखाणली जाणारी मेरिनो मेंढीची लोकर असते ना, तिचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतो. आपल्या दख्खनी मेंढीचा तंतू त्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जाड. हा जाडेपणा लक्षात ठेवा. आपले कोडे सुटते ते इथेच.

आता लोकर ते घोंगडी हा प्रवास पाहू. कातरणीच्या आधी मेंढरे ओढ्यात नाहीतर नदीत धुऊन काढतात. अंग वाळले की मेंढी आडवी पाडून पाय बांधायचे आणि कात्रीने लोकर उतरवायची. हे काम एकट्याचे नव्हे. भावकीतले, शेजारच्या वाड्यावरचे लोक सावडीने एकमेकांच्या मदतीला येतात. काळी, पांढरी, करडी लोकर वेगवेगळी ठेवायची, कारण खऱ्या घोंगडीला रंग देत नाहीत. तिच्या काठातली पांढरी रेघ ही पांढऱ्या मेंढीचीच असते. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर ती जावळाची. ती सगळ्यांत मऊ. जावळाची घोंगडी म्हणूनच मोलाची समजतात.

मग लोकर विंचरायची, काटाकुटा काढायचा, धनुकलीच्या तातीवर पिंजायची. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करायचे आणि पेळूतून सूत काढायचे, चरख्यावर किंवा नुसत्या टकळीवर. टकळीचे एक बरे असते. ती कमरेला खोचून कुठेही नेता येते. मेंढरांमागे माळावर फिरणारा म्हातारा धनगर एकीकडे शिट्टी मारून मेंढरू वळवतो आणि दुसरीकडे बोटांवर टकळी फिरवत सूत काढतो, हे दृश्य या भागात पूर्वी सर्रास दिसे. पण मोठे काम घरातल्या बायकांचेच. स्वयंपाकपाणी, शेण-लोटण आणि पोराबाळांचे आवरून जो वेळ उरे, तो चरख्याला.

सूत झाले की ते विणकराकडे. हे विणकर म्हणजे सनगर, आणि धनगरांमधलेच खुटेकर. ताणा लावताना जमिनीत खुंट ठोकतात, त्यावरून खुटेकर हे नाव पडले असे सांगतात. मुंबई सरकारने १८८४ साली सोलापूर जिल्ह्याचे जे गॅझेटिअर छापले, त्यात या विणकरांची नोंद आहे. आजही या भागातल्या जुन्या गावांतून सनगर गल्ली सापडते. खुंटांवर ताणा ताणला की त्याला चिंचोक्यांची खळ द्यायची. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून चिकट खळ करतात आणि कुंच्याने ताण्यावर ओढतात. असे का, तर जाड लोकरीचे केस सुतातून बाहेर उभे राहतात आणि मागावर एकमेकांत अडकून सूत तुटते. खळीने ते केस बसतात, सुताला ताठपणा येतो. म्हणून तर नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक लागते आणि वापरता वापरता मऊ पडते. मग खड्डामागावर बसून धोटा फेकायचा. एका मागाला पुरेल इतके सूत काढायला चार-पाच जणींचे हात तरी सतत चालावे लागतात. म्हणजे एका विणकरामागे चार-पाच कातणाऱ्या. संख्या त्यांची जास्त, मजुरी मात्र सगळ्यांत कमी.

तुम्ही म्हणाल, मजुरीची ही गोष्ट अलीकडची असेल. नाही, ती फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. राज्यासाठी सूत काढून घेणे हे त्याचे काम. कापसाबरोबर लोकर, ताग, झाडांच्या साली, असे सगळे तंतू त्यात येतात. कातायचे कोणी? विधवा, अपंग स्त्रिया, वृद्धा, ज्यांना दुसरा आधार नाही अशा. सूत बारीक, मध्यम की जाड हे पाहून मजुरी ठरवावी, असे तो सांगतो. ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत त्यांना दासीच्या हातून सन्मानाने काम पोचवावे. ज्या स्वतः पहाटे सूत घेऊन येतील, त्यांचे सूत पाहण्यापुरताच दिवा असावा; अधिकाऱ्याने बाईच्या तोंडाकडे पाहिले किंवा इतर गप्पा मारल्या तर त्याला दंड. मजुरी द्यायला उशीर केला तरी दंड. आणि मजुरी घेऊन काम न करणाऱ्या बाईला मात्र बोटे तोडण्यापर्यंतची शिक्षा! श्रोतेहो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नियमांवरून दोन गोष्टी दिसतात. कातणारीला फसवणे सोपे होते, म्हणूनच तर एवढे नियम करावे लागले. आणि ज्या बाईला दुसरे काही उरले नाही तिचे शेवटचे साधन म्हणजे सूत.

चरखा मात्र त्या काळचा नाही. तेव्हा टकळीच होती. हिंदुस्थानात चरख्याचा स्पष्ट उल्लेख सापडतो तो चौदाव्या शतकात, आणि तोही आपल्या दक्षिणेत लिहिलेल्या ग्रंथात. इसामी नावाच्या कवीने १३५० च्या सुमारास बहमनी राज्याच्या पहिल्या सुलतानाच्या आश्रयाने फारसीत एक काव्यमय इतिहास लिहिला. त्या सुलतानाची राजधानी गुलबर्गा, म्हणजे सोलापूरपासून फार दूर नव्हे. त्यात दिल्लीच्या रझिया सुलतानेवर टीका करताना तो म्हणतो की, बाईने राज्य कशाला करावे, तिने चरखा घेऊन बसावे. त्याला रझियाला हिणवायचे होते. पण आपल्यासाठी त्याने एक पुरावा ठेवला. १३५० साली बाई आणि चरखा ही जोडी इतकी रुळलेली होती की टोमणा मारायलाही तीच आठवली.

आता गिरणीकडे येऊ. १८६० साली सोलापूरपर्यंत रेल्वे आली. विलायती सूत आणि मुंबईच्या गिरण्यांचे सूत गाडीभर येऊन पडू लागले. पुढे १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला, आणि त्याच काळात, १८७७ साली, मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली गिरणी इथे सुरू झाली. लोक तिला पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. मागोमाग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग सोडले नाहीत. त्यांनी गिरणीचे स्वस्त आणि एकसारखे सूत आपल्या मागावर चढवले. म्हणजे पाहा, विणकर तरला, कारण त्याला सूत बाहेरून मिळू लागले. बुडाली ती कापूस कातणारी बाई. तिच्या सुताला कोणी विचारीना.

मग लोकर कातणारी का वाचली? त्याचे उत्तर त्या जाड्याभरड्या तंतूत आहे. लोकरीच्या गिरण्याही या देशात निघाल्या होत्या. कानपूरची लाल इमली १८७६ सालची, आपल्याकडे ठाण्याची रेमंड १९२५ सालची. पण अशा गिरण्यांना लागते ती मऊ, लांब, एकसारखी लोकर. आपल्या मेंढीची आखूड, केसाळ, कुठे जाड कुठे बारीक लोकर असल्या यंत्रांना चालत नव्हती. हाताच्या बोटांना मात्र ती चालते. बोटे तंतूगणिक ताण कमी-जास्त करतात, आखूड तंतू लांबाला जोडतात, कचरा लागला तर थांबून काढून टाकतात. यंत्राने नाकारले म्हणून हाताकडे राहिले. कमअस्सलपणा हेच या लोकरीचे कवच ठरले.

दुसरे कारण गिऱ्हाईक. घोंगडी घेणारा बाजारातला शौकीन नव्हता. तो शेतकरी होता, गुराखी होता, गाडीवान होता. त्याला ती नुसती पांघरायला नको होती. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घ्यायची. लोकरीत मुळातच थोडा मेणचट अंश असतो, त्यावर पाण्याचे थेंब ओघळून जातात. आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. उन्हाळ्यात अंथरायला तीच, खळ्यावर धान्य टाकायला तीच, बाळंतिणीच्या खोलीत तीच, देवापुढे जागरणाला बसायला तीच, पाहुण्याला बसकर म्हणून तीच. एक वस्त्र दहा कामांना येत होते आणि दहा-वीस वर्षे टिकत होते. अशा वस्तूला दुसरा पर्याय खेड्यात नव्हता.

तिसरे कारण देवघेवीचे. मेंढरांचा कळप शेतात बसवला की लेंडीखत मिळते, त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देई. धनगराला लोकरीतून घोंगडी मिळे, सनगराला काम मिळे, कातणारीला चार पैसे किंवा पायलीभर जोंधळे मिळत. धनगर, पिंजारी, कातणारी, सनगर आणि शेतकरी ही पाच कड्यांची साखळी होती. त्यातले एकही कडे शहराच्या बाजारावर फारसे अवलंबून नव्हते.

लोकरीचे न कातता, न विणताही वस्त्र होते, हेही इथे सांगायला हवे. त्याला आपल्याकडे जेन म्हणतात, काश्मिराकडे नमदा म्हणतात. लोकरीच्या तंतूवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि रगडा मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. पिंजलेली लोकर एकसारखी पसरायची, पाणी शिंपडायचे, गुंडाळी करायची आणि हाता-कोपरांनी, पायांनी मळत राहायचे. जाड पत्रा तयार होतो. पिंजारी कारागीर हे काम करीत. ही विद्या जगभर पसरलेली. सायबेरियातल्या अल्ताई डोंगरात पाझिरिक येथे बर्फात गोठलेल्या थडग्यांतून सव्वादोन हजार वर्षांहून जुनी, रंगीत चित्रांची जेने निघाली आहेत. मेंढपाळ कुठलाही असो, त्याच्या हाताने तंतूचा स्वभाव ओळखला तो असा. शाळेतून मुलींना शिकवतात ते सुयांवरचे लोकरीचे विणकाम मात्र या घराण्यातले नव्हे. ते युरोपीय लोकांबरोबर आले, आणि त्याची मऊ, रंगीत लोकर गिरणीची. आपल्या शाळांतल्या कित्येक मुलींनी दोन सुया हातात धरल्या, पण गावाच्या वेशीबाहेर मेंढ्या चरत असताना त्यांच्या लोकरीचा गुंडा त्या सुयांवर कधी आला नाही.

१९३० सालची गोष्ट घ्या. सोलापूरच्या स्वातंत्र्यलढ्यातले ते सोनेरी पान. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला, खादीच्या गांधी टोपीवरसुद्धा सरकारची वक्रदृष्टी झाली, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्याला फासावर गेले. गिरणीने मोडलेले कापसाचे हातसूत तेव्हा गांधीजींमुळे स्वाभिमानाची खूण बनून परत आले होते. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, शहरापासून वीस-पंचवीस कोसांवर माणदेशातल्या बाया नेहमीप्रमाणे लोकरीचे सूत काढीत होत्या. त्यांचे सूत कधी मेलेच नव्हते, म्हणून त्याचा पुनर्जन्म कोणाला करावा लागला नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे फारसे लक्षही गेले नाही. दुर्मिळ झालेल्या गोष्टीची आठवण होते; रोजची गोष्ट नजरेतून निसटते.

देवाधर्मात मात्र लोकरीला मान राहिला. मंगळवेढा तालुक्यात हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते. महाराष्ट्र-कर्नाटकातून पालख्या येतात, देवांच्या भेटी होतात, आणि भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. कोल्हापूरकडच्या पट्टण कोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेतही तेच. याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव असावा, असे मत डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात सविस्तर मांडले. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितांनी तर वर्षानुवर्षे धनगरांच्या वाड्यांवर हिंडून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या ओव्या गोळा केल्या. लोकर पिंजताना, मेंढरे राखताना जो समाज गात होता, त्याचे गाणे तरी असे नोंदले गेले.

आता दुसरा प्रश्न. इतके टिकलेले सूत मोडले कशाने? एकच एक गुन्हेगार दाखवता येत नाही. पाच कड्यांची साखळी होती. एकेक कडे निरनिराळ्या वर्षी ढिले झाले.

पहिले सुटले गिऱ्हाईक. सोलापुरी चादरच स्वस्त आणि धुवायला सोपी. ती खेड्याच्या घरात शिरली. पानिपतकडचे स्वस्त ब्लँकेट आले, मग कृत्रिम धाग्याचे मऊ, रंगीत ब्लँकेट आले. पावसात खोळ करायला खताचे प्लॅस्टिकचे पोते फुकट मिळू लागले. ओली घोंगडी खांद्यावर वागवण्यापेक्षा पोते हलके. शेतकऱ्याने हिशेब केला तो काही चुकीचा नव्हता.

दुसरे सुटले चराऊ रान. १९७२ च्या दुष्काळाने कळप मोडले, ते पुन्हा भरले. पण १९८० साली भीमेवर उजनी धरण पुरे झाले, पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले. जिल्ह्याचे भले झाले हे नाकबूल कसे करायचे? पण ज्या माळावर, ज्या पडीक रानात मेंढी चरे तिथे बागायत उभी राहिली.

तिसरे बदलले ते खुद्द मेंढरू. लोकर सुधारावी म्हणून परदेशी मेरिनो आणि रॅम्बुले जातींशी दख्खनी मेंढीचा संकर करण्याचे प्रयोग झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्यावर वर्षानुवर्षे काम झाले. पण दिवसभर उन्हात भटकणाऱ्या धनगराच्या कळपात ती नाजूक संतती रुजली नाही. दरम्यान मटणाचे भाव चढत गेले. धनगराला कळले की पैसा आहे तो कोकरात, लोकरीत नाही. मग जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीचा उंच, वजनदार मेंढा लोक कळपात घालू लागले. त्याच्या अंगावर लोकर नाममात्र. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या छोट्या गरोळ मेंढीतला जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला, तोही कोकरे वाढावीत म्हणून. राज्य सरकारचे शेळी-मेंढी विकास महामंडळ १९७८ पासून आहे, सांगोला तालुक्यात महूदला त्याचे प्रक्षेत्रही आहे. पण बाजाराचे तोंड जिकडे वळले तिकडेच कळप वळणार.

परिणाम असा की २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या, म्हणजे मेंढी कुठे गेलेली नाही. पण तिच्या लोकरीला मोल उरले नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होऊन बसली. पूर्वी ज्या लोकरीसाठी सनगर वाड्यावर येऊन बसे, ती लोकर कित्येक ठिकाणी कातरून तशीच माळावर टाकून देतात.

आणि या सगळ्याच्या शेवटी, फारसे कोणाच्या लक्षात न येता, चरखा थांबला. घोंगडी विणणारे माग आजही थोडेफार आहेत. पण त्यांवर बऱ्याचदा बाहेरून आलेले गिरणीचे लोकरीचे सूत चढलेले असते. कापसाच्या बाबतीत दीडशे वर्षांपूर्वी जे झाले, तेच लोकरीच्या बाबतीत उशिराने झाले. विणकर जेमतेम तरला, कातणारी बुडाली. फरक एवढाच की, या वेळी सूत काढणारी बाई बेकार झाली असे कोणी म्हणाले नाही. ती रोजगार हमीवर गेली, उसाच्या फडात गेली, द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागेत गेली. तिथे तिला रोज जास्त मिळाला. तिची सून चरख्यावर बसली नाही, यात सुनेचा दोष काय?

म्हणून जुने ते सोने असे म्हणून हळहळण्याचा हा विषय नव्हे. दिवसभर पिंजून-कातून जी मजुरी पदरात पडे, तिच्यात त्या बाईचे पोट धड भरत नव्हते, हे विसरून चालणार नाही. पण म्हणून ही विद्या गेली तर गेली, असेही म्हणवत नाही. कारण ती पुस्तकात नाही. कोणत्या मेंढीची लोकर कोणत्या महिन्यात कातरली तर सूत बळकट निघते, पेळू किती सैल ठेवायचा, पीळ केव्हा पुरे झाला हे अंगठ्याला कसे कळते, चिंचोक्याची खळ किती शिजवायची, हे सगळे हातांत असते. हात थांबले की एका पिढीत पुसले जाते. माणदेशात आज ज्या सत्तरी-ऐंशीच्या आज्या आहेत, त्यांतल्या कित्येकींनी लहानपणी चरखा फिरवलेला आहे. त्यांच्या नाती मात्र चरखा ओळखतात तो गांधीजींच्या चित्रातला.

मग करायचे काय? मोठ्या योजनांच्या गोष्टी मी सांगत नाही. अलीकडे शहरांतून, परदेशांतूनही न रंगवलेल्या, हाताने केलेल्या लोकरीच्या वस्तूंना विचारणा होते आहे. दख्खनी लोकरीच्या सतरंज्या, पिशव्या, बैठका करण्याचे प्रयत्न चालू आहेत. चांगली गोष्ट आहे. पण अशा प्रत्येक वस्तूची किंमत ठरवताना एक प्रश्न आधी विचारावा, की यातले कातणारीला किती? तिचा रोज शेतमजुरीच्या रोजाएवढा तरी बसला नाही, तर चरखा प्रदर्शनात फिरेल, घरात फिरणार नाही. कौटिल्याला जे कळले होते, मजुरीला उशीर केला तर दंड, ते आपल्यालाही कळायला हरकत नाही.

आणि गुरुजन हो, तुमच्या हातात एक सोपी गोष्ट आहे. तुमच्या शाळेतल्या धनगर-सनगरांच्या मुलांना सांगा, घरातल्या आजीला विचारून या. लोकरीच्या कामातले शब्द लिहून आणा. कात्री, धनुकली, पेळू, टकळी, ताणा, खळ, कुंचा, धोटा, जावळ. एकाच वस्तूला गावागावांत वेगळे नाव निघेल, तेही टिपा. जमल्यास आजीलाच एक दिवस शाळेत बोलवा. मूठभर लोकर द्या, टकळी द्या. मुलांच्या पुस्तकात तंतूंचा धडा आहे. त्या धड्यातला तंतू तिच्या बोटांतून निघताना त्यांना पाहू द्या. ज्या बाईला आयुष्यात कोणी शिकलेली म्हटले नाही, तिला त्या दिवशी मुले गुरू म्हणतील.

आपल्या भाषेत एक म्हण रूढ आहे. एखादे काम ना पुरे होते ना सुटते, नुसते लोंबकळत राहते, तेव्हा आपण म्हणतो, भिजत घोंगडे पडले आहे. घोंगडी पुरी भिजली की जड होते, लवकर वाळत नाही, आणि उचलून वाळत घालायलाही कोणी पुढे येत नाही, म्हणून ही म्हण. गंमत पाहा, नेते मंडळी निवडणुकीत घोंगडी बैठका घेतात, कचेरीत भिजत घोंगडी राहतात, घोंगडी शब्दात आहे आणि घरातून मात्र चालली आहे. लोकरीच्या सुताचा हा प्रश्नही असाच भिजत पडलेला आहे. तो उचलायला दोघा-चौघांचे हात लागतील, एकट्याचे काम नाही. आणि ज्या हातांना ते काम येते, ते हात आता फार थोडे राहिले आहेत.